काढलेली सोळा पानं

हमीदभाई, तुम्ही शेवटपर्यंत माझं ऐकलंत, हीच माझी तुमच्याबद्दलची सगळ्यांत मोठी तक्रार आहे. एरवी तुम्ही कशातही न ऐकणारा माणूस. चहात साखर कमी घ्या म्हटलं तर एक चमचा वाढवून घेणार. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर "अजून सुईत दोरा जातो बाई" म्हणून हसणार. आणि जिथं माझं मुळीच ऐकायला नको होतं, नेमकं तिथं तीस वर्षं ऐकत राहिलात.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले, तेव्हा तुमची नसरीन माझ्या दारात उभी राहिली. हातात खाकी कागदाचं पुडकं. तुमचाच मेण लावलेला दोरा, तुमचीच दुहेरी गाठ. वर पेन्सिलीनं दोन शब्द: बाईंची अमानत.

"अब्बांनी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली, "दुकान आवरायला काढलं की पहिल्यांदा हे बाईंकडं पोचवायचं. काय हाय त्याच्यात?"

"जुन्या पुस्तकाची पानं आहेत."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

पोरगी पाणी पिऊन गेली. मी पुडकं मांडीवर घेऊन बसले. सोडायची गरज नव्हती. आत काय आहे ते मला माहीत होतं. सोळा पानं, एकोणपन्नास ते चौसष्ट. तुम्ही फेकणार नाही म्हणाला होतात आणि खरंच फेकली नव्हती.

मग मला तुमचा राग आला, आणि मग मी रडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बाई, उलटं करायचं असतं, आधी रडायचं, मग रागवायचं.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवते का? मी लातूरच्या शाळेत नवी शिक्षिका. वाचनालयाचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलेलं. तीन कपाटं आणि किल्ल्यांचा एक जुडगा. मी फाटकी पुस्तकं पोत्यात भरून गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत तुमच्या दुकानात घेऊन आले. तुम्ही उदगीरहून नुकतेच लातूरला आलेले. वडिलांचा बांधणीचा धंदा उचलून आणला होतात, त्यांच्या पुस्तकं दाबायच्या लाकडी शिकंज्यासकट. खळ शिजत होती, कीड लागू नये म्हणून तिच्यात घातलेल्या मोरचुदाचा वास सुटला होता. तुम्ही एकेक पुस्तक हातात घेऊन पाहिलंत आणि म्हणालात, "बाई, ही तर चांगली धडधाकट पुस्तकं हायत. पोरांनी वाचून फाडलेली. कपाटात जी कोरी करकरीत पडलीत ना, ती बीमार हायत. ती घेऊन या."

मला वाटलं, हा माणूस आगाऊ आहे. ते मत मी पुढं कधी बदललं नाही. फक्त मला तो आगाऊपणा लागायला लागला.

कारण तुम्ही जे पुस्तक बांधायचात ते वाचायचात. दुसऱ्या खेपेला गेले तर तुम्ही मला मुंग्यांबद्दल सांगायला लागलात. तिसऱ्या खेपेला पाणचक्कीबद्दल. आणि मग म्हणालात, शाळेतल्या पोरांना कोणतं पुस्तक द्यायचं हे तुम्ही एकट्याच ठरवता का? मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "मग तुमचं काम अर्धं मला द्या. मला लई शौक हाय." अशा रीतीनं एका बांधणीवाल्यानं माझ्या वाचनालयात पाय ठेवला, आणि हेडसरांना ते कधी कळलंच नाही.

मी गोष्टींची बाजू घेणारी, तुम्ही माहितीच्या पुस्तकांची. "कहाणी आजीकडं मिळती की," तुम्ही म्हणायचात, "पोराला दिवसाउजेडी दगड दाखवा, किडा दाखवा, नळातून पाणी कसं येतंय ते दाखवा." पुस्तक निवडायची तुमची कसोटी मी आजवर कुठल्या प्रशिक्षणात ऐकली नाही. तुम्ही विचारायचात, यात 'हे अजून कुणाला माहीत नाही' असं कुठं लिहिलंय का? नसेल तर ते पुस्तक परत. "ज्याला सगळंच ठाव हाय, त्याच्यापाशी पोरगं काय बसंल?" थोर माणसांच्या चरित्रांवर तर तुमचा खास डोळा. "ह्यो लहानपणी एकदा तरी खोटं बोलला का? न्हाई? मग नका देऊ. पोरगं घाबरंल." मी त्यावर तुमच्याशी किती भांडले! आदर्श नको का मुलांपुढं? तुम्ही खळ ढवळत म्हणायचात, आदर्श ठीक हाय बाई, पण माणूस पाहिजे.

देवणीहून आलेल्या एका मुलीला मी प्राण्यांचं रंगीत पुस्तक दिलं होतं. तिनं ते दुसऱ्या दिवशी परत आणून टेबलावर आदळलं. "यात समदी परदेशी गुरं हायत. आमची गाय न्हाई." मी तिला रागावले. तुम्ही तिला खाली बसवून विचारलंत, तुमच्या गाईचे ठिपके वासराला तसेच्या तसे येतात का? ती म्हणाली, न्हाई, आमच्या वासराला, दरबारीला, निराळे. का येत असतील? ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मग तुम्ही आठ दिवस खपून वारसा, बियाणं, रंग असलं काही सांगणारं एक पातळ पुस्तक शोधून काढलंत आणि त्यात एका पानाशी लाल दोरा घालून ठेवलात.

तो तुमचा दोरा! अख्खं पुस्तक वाच, असं तुम्ही कोणत्याच मुलाला कधी म्हणाला नाहीत. मुलाचा प्रश्न ऐकायचात, मग पुस्तकातलं नेमकं ते पान हुडकायचात, तिथं लाल दोरा घालायचात, आणि दोऱ्याला कागदाची चिठ्ठी लावून त्यावर पेन्सिलीनं त्या मुलाचं नाव. बास. मूल तिथं उघडायचं, अर्धं कळायचं, अर्धं नाही, आणि न कळलेलं समजून घ्यायला आपणहून मागची पानं उलटायचं. मी म्हणायचे, पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं. तुम्ही म्हणायचात, "पहिलं पान लिहिणाऱ्यासाठी असतंय बाई." तो वाद आपला मिटला नाही. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते.

आणि एक गोष्ट आपण दोघांनी मिळून मुलांच्या डोक्यात भरवली होती. कुणी काही सांगितलं तर लगेच मान डोलवायची नाही. सांगोवांगी ऐकू नका, पुस्तकात बघा. बाई म्हणाल्या तरी, चाचा म्हणाले तरी; मुलं तुम्हाला चाचा म्हणायची. आपली मुलं वर्गात हात वर करून "बाई, पुस्तकात दाखवा" म्हणायची, आणि बाकीच्या शिक्षकांना त्याचा मनस्वी वैताग यायचा. मला अभिमान वाटायचा.

मग भूकंप झाला.

किल्लारीकडची गावं गेली. आपल्या शाळेच्या भिंतीलाही तडे गेले आणि काही महिने वर्ग लिंबाखाली भरले. त्या गावांतली दहा-बारा मुलं लातूरला मामाकडं, आत्याकडं राहायला आली, ती माझ्या वर्गात बसायला लागली. बाकडं सरकल्याचा आवाज झाला तरी उठून पळायची. त्यांत कालिंदा होती. चौथीतली. आई आणि धाकटा भाऊ गेलेले, वडील गावी पत्र्याच्या शेडमध्ये, ही मामाकडं. एकदा रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, जमीन जरा थरथरली, तर ही लिंबाच्या खोडाला मिठी मारून उभी राहिली ती अर्धा तास सोडेना. तिची बोटं मी एकेक करून सोडवली.

त्याच आठवड्यात निळ्या पुठ्ठ्याचं ते पृथ्वीचं पुस्तक बांधायला तुमच्याकडं होतं. ज्वालामुखी, भूकंप, नद्या, वाळवंटं. मुलांचं सगळ्यांत लाडकं, म्हणून सगळ्यांत खिळखिळं. मी दुकानात आले आणि म्हटलं, भूकंपाचा तेवढा भाग काढून बांधा.

तुम्ही आधी हसलात. मग माझा चेहरा पाहिलात.

"बाई, पुस्तक बांधायला आणलंय का तोडायला?"

"त्या मुलांनी हे वाचायला नको. चित्रं बघा आतली. पडलेली घरं आहेत."

"पानं काढली तर सवाल जाईल का?"

"आत्ता नको एवढंच म्हणते. मोठी झाली की वाचतील."

"तोवर कोण काय सांगंल त्यांना, ते ठाव हाय का तुम्हाला?"

मी ऐकलं नाही. मला त्या मुलीची बोटं दिसत होती. आजही मला त्या दिवशीच्या माझ्या मायेबद्दल शंका नाही, हमीदभाई. शंका माझ्या शहाणपणाबद्दल आहे.

मोठा कागद दुमडून सोळा पानांचा एक फर्मा होतो आणि असे फर्मे एकावर एक शिवून पुस्तक होतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. चौथा फर्मा बाहेर ठेवला की काम भागत होतं. तुम्ही सुई खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पुस्तक शाळेचं, हुकूम तुमचा. पण ह्यो फर्मा मी फेकणार न्हाई. तुमची अमानत म्हणून ठेवतो. मागाल तवा देईन, तुम्ही म्हणाल त्याला देईन. तोवर कुणाला दाखवणार न्हाई." आणि तुम्ही शब्दाचे पक्के, हे तर गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत.

एक गोष्ट मात्र आपल्या लक्षात आली नाही. निदान माझ्या तरी. धडा काही फर्म्याच्या मापानं लिहिलेला नव्हता. ज्वालामुखीची शेपटी त्या सोळा पानांत गेली आणि नदीचं डोकंही. अठ्ठेचाळिसाव्या पानावर शेवटचं वाक्य अर्धं राहिलं: लाव्हा थंड झाला की... आणि पुढं एकदम पासष्टाव्या पानावर पूर. तुमच्या नजरेतून हे सुटलं असेल? मला नाही वाटत. मुद्दाम सांगितलं नाहीत, असा माझा तुमच्यावर आरोप आहे.

कालिंदाच्या नजरेतून तर सुटलंच नाही. लिंबाखाली मी हजेरी घेत होते, तुम्ही बांधलेली पुस्तकं घेऊन आला होतात, आणि ती निळं पुस्तक उघडून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, हितली पानं कुठं गेली? अठ्ठेचाळीसच्या म्होरं पासष्ट हाय."

मी डोळ्याची पापणीही न हलवता म्हटलं, "बांधताना राहिली असतील ग."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फक्त बघितलंत. मग तिच्यापुढं उकिडवे बसलात. "हाव बेटा. माझीच गलती. म्हातारा होऊन राहिलो मी."

म्हातारा! चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तुम्ही. पोरीनं तुमच्याकडं असं काही बघितलं की मला खाली बघावं लागलं. चाचा पानं हरवतात, हे तिला खरं वाटत नव्हतं आणि खोटंही मानता येत नव्हतं, कारण सांगणारे आपण दोघं होतो.

त्यानंतर दोनच दिवसांनी तुम्ही भर दुपारी शाळेत आलात. हाताला खळ तशीच, डोक्यावर टोपी नाही. असे तुम्ही कधी येत नसत.

"बाई, फर्मा बसवू द्या. एका तासाचं काम हाय. आत्ताच्या आत्ता बसवतो."

"का? काय झालं?"

"ते सांगता येत न्हाई. जबान दिलीय."

"कुणाला?"

"ते बी सांगता येत न्हाई."

मला वाटलं, तुमचा हट्ट. आपलं म्हणणं खरं करायला आलात. आणि मी ते बोलले, जे बोलल्याचं मला या तीस वर्षांत एक दिवसही विसरता आलेलं नाही. "हमीदभाई, तुम्ही बांधणीपुरतं बघा. पोरांचं मी बघते."

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी कालिंदाची मावशी नांदेडहून आली आणि तिला कायमची घेऊन गेली. तुम्हाला मी ते सांगितलं, तेव्हा तुम्ही शिकंज्याचा दांडा पिळत होतात. तो तसाच धरून म्हणालात, "एक दिवस उशीर झाला बाई." मला वाटलं, तुम्हाला तिचा निरोप घ्यायचा राहिला याचं वाईट वाटतंय. मी म्हटलं, जाऊ द्या हो, मुलं येतात, जातात. केवढी मी शहाणी!

पुढच्या आठवड्यात तुम्ही नेहमीसारखे नकाशांचं पुस्तक घेऊन आलात आणि चहा प्यायलात. तीन चमचे साखर घालून. तुम्ही मला माफ केलं होतं की नाही, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

मग आपल्या गल्लीचं रूपच पालटलं. क्लासेसच्या पाट्या लागल्या. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून मुलं डोक्यावर वळकट्या घेऊन उतरायला लागली, घराघरांत कॉट बसल्या. तुमच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन आलं, स्पायरल आलं. दिवसभर नोट्स. मी एकदा चिडवलं, "काय हमीदभाई, आता तर नुसती माहितीचीच पुस्तकं बांधताय. मनासारखं झालं!" तुम्हाला ते झोंबलं. "ह्याच्यात जवाबच जवाब हायत बाई," तुम्ही नोट्सचा गठ्ठा तळहातावर तोलत म्हणालात, "सवाल कुठंय?"

आणि मग तुम्हाला ती शक्कल सुचली, जिच्यात मीही आनंदानं सामील झाले. माझ्या कपाटातल्या पुस्तकातलं एखादं पान मी निवडायचं, तुम्ही त्याची झेरॉक्स काढायची आणि कुणाच्या तरी नोट्सच्या मधोमध गुपचूप बांधून टाकायची. घुबड उडताना आवाज का येत नाही. पिकलेल्या केळ्याचा वास दुसऱ्या केळ्याला कसा कळतो. पान अर्ध्यावर तुटायचं आणि खाली तुमच्या अक्षरात: बाकीचं बाईंच्या वाचनालयात.

नांदेडकडचे एक वडील केवढे भडकून आले होते! रसायनशास्त्रात मुंग्या निघाल्या. "हे कोणत्या चॅप्टरचं आहे?" तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणालात, "ज्यादाचं हाय सर. त्याचं काही लावलं न्हाई." ते गेल्यावर आपण दोघं इतके हसलो की तुम्हाला ठसका लागला. पण दोन दिवसांनी त्यांचाच मुलगा वाचनालयाच्या दारात येऊन, इकडंतिकडं बघत विचारत होता, "मॅडम, त्या मुंग्यांचं पुढं काय झालं?" फार मुलं नाही आली. थोडीच आली. पण जी आली ती त्या धबडग्यात अर्धा तास का होईना, कोणी सांगितलं नसताना वाचत बसली.

मी विचारायचे, एवढी उठाठेव कशाला करता? तुम्ही म्हणायचात, "काढलेली भरून काढून राहिलो." मला वाटायचं, गमतीनं बोलताय.

दरवर्षी गणपती बसले की तुम्ही एकदा विचारायचात, "कालिंदाला सांगितलं का?" गणपतीतच का, हे मला कळायचं नाही. भूकंप विसर्जनाच्या रात्री झाला म्हणून आठवत असेल, एवढीच माझी समजूत. तिचा पत्ता माझ्याकडं होता. भोकरला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली तेव्हा तिनं शाळेच्या नावानं पत्र पाठवलं होतं. मी तुम्हाला वाचूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही फकत हो म्हणा. मी पुडकं पाठवतो." मी दरवेळी म्हणायचे, असं पोस्टानं नको, स्वतः जाते. परीक्षा झाल्या की जाते. निवृत्त झाले की जाते. खरं कारण सांगू? चौथीतल्या मुलीसमोर खोटं बोलले, हे त्या मुलीला सांगायची मला लाज वाटत होती. तुम्हाला ते कळत होतं. म्हणून विचारायचात, पण रेटायचा नाहीत.

शेवटची तुमच्या घरी आले, तेव्हा बोलताना तुम्हाला दम लागत होता. तरी विचारलंतच. मी म्हटलं, दिवाळीनंतर नक्की. तुम्ही डोळे मिटून हसलात. मला माहीत आहे ते हसू. "तुम्ही अन् तुमची दिवाळी," असं ते हसू होतं.

नसरीन येऊन गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी निघाले. पुडकं आणि निळं पुस्तक पिशवीत घेऊन आधी नांदेड, मग भोकर. दिवाळीला अजून अवकाश होता, याची नोंद घ्या.

कालिंदाला मी ओळखलं नसतं. चष्मा, केसांत पांढरी बट, आवाज मात्र तसाच. तिनं वाकून नमस्कार केला, मुलांना म्हणाली, "ह्या माझ्या बाई." मी शाळेसाठी चार पुस्तकं नेली होती. ती मुलांच्या हातात पडली, तर एकानं आधी चित्रं बघितली असतील तर शपथ! सगळी पानं मोजायला लागली. एक पोरगी म्हणाली, "बाई, बराबर हायत."

"हे काय ग?" मी विचारलं.

कालिंदा हसली. "आमच्याकडं पद्धतच आहे बाई. मी त्यांना गोष्ट सांगितलीय ना, पानं हरवणाऱ्या चाचांची. चांगले होते हो ते, पण एकदा चुकले. म्हणून पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा पानं मोजायची."

हमीदभाई, भोकरच्या त्या शाळेत तुम्ही वर्षानुवर्षं पानं हरवत होता, आणि मी लातूरला आदर्श शिक्षिका म्हणून नारळ-शाल घेत होते.

मुलांना मधली सुट्टी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. पानं कुणी काढायला लावली, का लावली, तुम्ही कसं नको म्हणालात, आणि लिंबाखाली खोटं कोण बोललं. ती म्हणाली, "म्हणजे चाचांकडं होती ती पानं?"

"होती. जपून ठेवली होती."

"मी गेले होते बाई त्यांच्याकडं. एकटीच. भांडायला गेले होते. म्हणलं, कशाची पानं होती ती? ते म्हणले, भूकंपाची. मग मला रडूच आलं." ती चष्मा काढून पुसत राहिली. "विसर्जनाला गणपती मीच नेणार म्हणून हट्ट केला होता मी. विहिरीच्या पायरीवर हातातून निसटला. सोंड मोडली. आणि त्याच रात्री सगळं गेलं. नंतर शेडमधली एक म्हातारी म्हणली, देवाचं असं केल्यावर दुसरं काय होणार? कुणाला सांगितलं नव्हतं मी. चाचांना सांगितलं. आणि कुणाला सांगू नका, अशी जबान घेतली."

"ते काय म्हणाले?"

"म्हणले, न्हाई बेटा, तुझा काही कसूर न्हाई. मी म्हणलं, पुस्तकात दाखवा."

पुस्तकात दाखवा. आपणच शिकवलं होतं, हमीदभाई.

"म्हणले, उद्या ये, दाखवतो. मी गेले दुसऱ्या दिवशी, तर म्हणले, अजून एक दिवस थांब बेटा. मग मावशी आली. मला वाटलं, पानं न्हाईतच त्यांच्याकडं, मला उगी समजावत होते. नववीत भूगोलात धडा आला तेव्हा कळलं सगळं. तोवर पाच वर्षं मी गणपतीला हात लावला न्हाई."

तर तो तुमचा एक दिवस. तुम्ही माझ्याकडं धावत आलात तो. फर्मा तुमच्याच खणात होता. उघडून त्या पोरीला दाखवला असतात तर मला कळलंही नसतं. पण मला दिलेला शब्द, तिला दिलेला शब्द, आणि मध्ये तुम्ही. कशाला पाळलात हो माझा शब्द? एवढा आगाऊ माणूस तुम्ही, एक दिवस आणखी आगाऊ झाला असतात तर!

नाही. हे पुन्हा मी तुमच्यावर ढकलते आहे.

मी पुडकं तिच्या हातात दिलं. दुहेरी गाठ तिनंच सोडवली. सोळा पानं, कडा जराशा पिवळ्या, वाळवीचा एक ठिपका नाही. आणि सत्तावन्नाव्या पानाशी तुमचा लाल दोरा. दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं: कालिंदा. त्या पानावर लिहिलं आहे की खडक माणसाच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना रेटत असतात, ताण साठत जातो, आणि तो कोणत्या दिवशी सुटेल हे कुणाच्याही वागण्यावर ठरत नाही. कालिंदानं ते उभ्यानं वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. नववीपासून हे सगळं माहीत असलेली बाई ती, शिक्षिका, आणि चौथीतल्या मुलीसारखी रडली.

मग डोळे पुसून तिनं निळं पुस्तक मागितलं, फर्मा त्याच्या जागी सरकवून बघितला आणि अठ्ठेचाळीसवरून एकोणपन्नासवर मोठ्यानं वाचत गेली. लाव्हा थंड झाला की त्याचा काळा दगड होतो, हमीदभाई. आपल्या गावांची घरं बांधतात तोच. "मी शिवते," ती म्हणाली, "चाचांचं बघितलेलं आहे." आणि मग म्हणाली, "पण पोरांना तुम्हीच सांगा बाई. गोष्ट मी चुकीची सांगितलीय इतके दिवस."

मधल्या सुट्टीनंतर मी वर्गापुढं उभी राहिले. पस्तीस वर्षं शिकवलं, पण असं काही वर्गाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की चाचांनी पानं हरवली नव्हती. मी काढायला लावली, आणि नाव त्यांचं सांगितलं. तुमच्या कसोटीनं मी आता मुलांना द्यायच्या लायकीची झाले, खोटं बोललेलं माणूस. कुणी घाबरलं नाही. मघाशी पानं मोजणारी ती पोरगी मात्र हात वर करून उभी राहिली.

"मग तुम्ही चाचाला म्हणलात का, माझं चुकलं म्हणून?"

"न्हाई," मी म्हटलं. तिच्याच बोलीत आलं तोंडातून.

"का?"

"राहून गेलं."

"मग लिहा की बाई," ती म्हणाली. "लिहिल्याबिगर खरं कसं कळंल?"

म्हणून लिहिते आहे. पोरगी तुमच्या-माझ्या तालमीतली निघाली, सांगोवांगी ऐकणार नाही. हा लेख मी भोकरला पाठवते आहे; कालिंदा म्हणते, निळ्या पुस्तकात ठेवीन, दोऱ्यापाशी.

हमीदभाई, माझं चुकलं. तुमची काहीच गलती नव्हती.